बावटा आणि फडकं

माझे वडील धरणाच्या पाण्यावर लाँच चालवायचे, आणि त्यांच्याविषयी मी वाईट बोललेलं आजवर कुणालाच आवडलेलं नाही. माहेरी गेले की अजूनही म्हातारी माणसं मला धरून बसवतात आणि आबांचं कौतुक सुरू करतात. असा कप्तान पुन्हा झाला नाही, त्यांच्या लाँचमधून साधी शेळीसुद्धा कधी पाण्यात पडली नाही, वगैरे. शेळी पडली नाही हे खरं आहे. शेळीच्या बाबतीत आबा फार सांभाळून असायचे.

आमचं खोरं साताऱ्याच्या पश्चिमेला. धरण झालं तशी खालची गावं पाण्यात गेली, आमचं रानही गेलं, आणि आम्ही वर डोंगरात सरकलो. आबा पलटणीत बोटींच्या कामावर होते. पेन्शन घेऊन आले तेव्हा त्यांना लाँचवर घेतलं. अंगात साधा सदरा असला तरी डोक्यावर खाकी टोपी असायचीच, आणि कुणी नुसतं ड्रायव्हर म्हटलं तर ते ओ देत नसत.

धक्का फक्त धरणापाशी होता, काठावरच्या वाड्यांना नव्हता. ज्याला लाँच हवी त्यानं काठीला फडकं बांधून उभं राहायचं, मग ते धोतराचं असो नाहीतर लुगड्याचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला मांडीएवढा चिखल व्हायचा, तेव्हा माणसं होडीत बसून पाण्यातच येऊन थांबायची आणि तिथून फडकं दाखवायची. फडकं दिसलं आणि आबांनी लाँच वळवली नाही, असं एकदाही झालं नाही. अडलेली बाई असो की बाजाराला उशीर झालेला गडी, सगळे त्यांना सारखेच. त्यांचा सगळा मान या एका गोष्टीवर उभा होता आणि तो त्यांच्या डोक्यातही गेला होता.

माझा नवरा सांगलीचा. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकला, नेव्हीत जाऊन पाणबुड्या झाला, आणि सुटून आल्यावर एका कंत्राटदाराबरोबर आमच्या धरणावर कामाला आला. दारांच्या जाळ्यांमध्ये अडकलेली लाकडं काढायची, तळाशी काही बिघडलंय का ते बघायचं. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोरी, आणि वर होडीत ती दोरी धरून बसलेला जोडीदार. आबांना तो एवढा आवडला की त्यांनीच बोलणी केली. पाण्यातल्या माणसाला पाण्यातलाच जावई मिळाला, असं लग्नात ते ज्याला त्याला सांगत सुटले होते.

हे कौतुक कसंबसं वर्षभर टिकलं. एकदा माहेरी जेवताना नवऱ्यानं विषय काढला. आमच्या होडीवर लाल बावटा लागला, ज्याच्यावर तिरपा पांढरा पट्टा असतो, तर समजायचं की खाली माणूस आहे. लाँच लांबून न्यायची. अगदीच जवळ आली तर इंजिन बंद करायचं, म्हणजे लाँचखालचा पंखा फिरायचा थांबतो. खाली इंजिनचा आवाज ऐकू येतो पण तो कुठून येतोय ते कळत नाही, पाण्यात आवाज चहूकडून येतो. आणि पाणबुड्या वर येतो तो होडीजवळच येईल असंही नाही. हे सगळं त्यानं अगदी मान खाली घालून, मामा मामा म्हणत सांगितलं.

आबांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि त्याला ओलांडून माझ्याकडं बघत म्हणाले, तुझ्या नवऱ्याला सांग, पलीकडच्या काठावरून धक्क्याकडं यायची सरळ वाट जिथून जाते, तिथं खाली आमचं रान आहे. माझ्या रानावरून जायला मी कुणाला विचारत नाही. त्यानंतर ते जावयाशी थेट बोललेच नाहीत. रान गेल्याचं त्यांचं दुःख खोटं नव्हतं, ते मला कळत होतं. पण ते रान काही माझ्या नवऱ्यानं बुडवलं नव्हतं.

पुढं बावटा दिसला की आबा मुद्दाम जवळून जायचे. लाटांनी होडी हेलकावे खायची, जोडीदार शिव्या द्यायचा. कंत्राटदारानं तक्रार केली, तर बघू म्हणाले. मी भांडले, तर म्हणाले, ज्यांना पाण्यात बुडायचा पगार मिळतो त्यांनी मला पाणी शिकवू नये. मी नवऱ्याला म्हणायचे, तुम्ही धरणाच्या साहेबांना जाऊन सांगा. तो म्हणायचा, सासरा आहे, होईल हळूहळू. या हळूहळूचा मला फार राग यायचा.

चैत्रात माहेरच्या देवीची यात्रा असते. ती करून मी आबांच्याच लाँचनं परत धरणाजवळच्या आमच्या घरी निघाले होते. बायकांनी मागं बसायचं असा त्यांचा नियम, पण त्या दिवशी मी जाऊन सुकाणूच्या चाकाशी उभी राहिले. लाँचचं असं असतं, की कप्तान वर चाकाशी आणि इंजिनवाला खाली. कप्तानानं दोरी ओढून घंटी द्यायची आणि इंजिनवाल्यानं ती ऐकून वेग कमीजास्त करायचा. खालच्याला बाहेरचं काही दिसत नाही. घंटी नाही आली तर तो आहे तसाच चालू ठेवतो.

डोंगराचं नाक ओलांडलं आणि मला बावटा दिसला. होडीत जोडीदार दोरी धरून बसला होता. त्या आठवड्यात खाली उतरायचं काम माझ्या नवऱ्याकडं होतं, म्हणजे दोरीच्या दुसऱ्या टोकाला तोच होता.

"आबा, बावटा लागलाय," मी त्यांच्या कानाशी म्हणाले. "खाली मानूस हाय. लाँच बाजूनं घ्या."

त्यांनी मान वळवली नाही. "ठावं हाय मला," म्हणाले. "माज्या रानावरनं चाललोय मी. त्यालाच सांग बाजूला सर म्हनून."

मी घंटीच्या दोरीला हात घातला, त्यांनी तो झटकून टाकला. होडीतला जोडीदार उठून दोन्ही हात हलवायला लागला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, आवं, कोन तरी बोलावतंय वाटतं. पुढं चौकशीत आबांचं सगळं म्हणणं त्या एका वाक्यावर तरलं. आबा होडीला अगदी खेटून गेले. दोरी पंख्यात सापडली, इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. जोडीदारानं सुरी काढून दोरी कापली, पण तोवर पंख्यानं नवऱ्याला तळापासून ओढत आणलं होतं. होडीच्या पलीकडं तो वर आला तेव्हा त्याच्या नाकातून आणि कानातून रक्त येत होतं. मी त्याला नावानं हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. लाँचमधल्या काही बायकांना त्या रक्तापेक्षा मी नवऱ्याचं नाव घेतलं याचाच धक्का जास्त बसला असावा.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, खोलातून एकदम वर ओढला गेल्यानं डावा कान गेला, आणि पुन्हा पाण्याखाली उतरायचं नाही. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

धरणाच्या साहेबांनी धक्क्यावरच खुर्ची मांडून चौकशी केली. आबा टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, फडकं समजलो साहेब, कुणीतरी लाँचसाठी थांबलंय असं वाटलं. किती सोपं. उन्हाळ्यात माणसं होडीतून फडकं दाखवतातच, आणि फडकं दिसल्यावर हा माणूस वळणारच, हे आख्ख्या खोऱ्याला ठाऊक. प्रवाशांनी माना डोलावल्या. इंजिनवाला म्हणाला, थांबायची घंटी आली नाही, त्यापलीकडं मला माहीत नाही. मग कानात कापूस घालून बसलेला माझा नवरा उठला आणि म्हणाला, मामांची चूक झाली, सोडून द्या साहेब. त्या क्षणी मला आबांपेक्षा त्याचाच संताप आला. सोडून द्यायला कान त्याचा होता, पण संसार दोघांचा होता. आणि होडीतून उद्या दुसरा कुणीतरी उतरणारच होता.

आईनं सकाळीच मला बजावलं होतं, बापाच्या पोटावर पाय देऊ नकोस. ती माझ्या शेजारीच उभी होती.

"साहेब, फडकं न्हवं त्ये," मी म्हणाले. "त्यास्नी ठावं व्हतं. मी सांगितलं तवा ठावं हाय म्हनले, आन माजा हात घंटीवरनं झटकला."

आबा माझ्याकडं न बघता साहेबांना एवढंच म्हणाले, लग्न झालेली लेक नवऱ्याची असते. साहेबांनी कुणावर विश्वास ठेवला कोण जाणे, पण आबांना लाँचवरून उतरवलं. खोऱ्यात माझी किंमत त्या दिवसापासून शून्य झाली. नवऱ्यासाठी बापाला खोटं पाडणारी, म्हणून बायका माझ्याकडं बोट दाखवायच्या. लाँचमध्ये मला बसायला कुणी सरकत नसे. नवा ड्रायव्हर आबांच्या निम्माही नव्हता, फडकं बघूनही कधीकधी सरळ पुढं निघून जायचा, आणि लोक ते मला मुद्दाम ऐकवायचे. पण बावटा दिसला की तो घाबरून पार पलीकडच्या काठानं जायचा. मला तेवढं पुरत होतं.

आम्ही सांगलीला आलो. नवऱ्याला नदीकाठच्या पंपावर काम मिळालं. झालेलं सगळं मी त्याला सांगितलं होतं, पण त्याचं एकच, फडकंच समजले असतील, वय झालंय त्यांचं. हे ऐकून मी उठून आत जायचे.

काही वर्षांनी एका दुपारी आबा आले, न कळवता. टोपी होती, पण वाळलेले दिसत होते. मी चहा टाकला. नवरा खाटेवर बसला होता, त्याच्या उजव्या हाताला भरपूर जागा होती, तरी आबा फिरून डावीकडं जाऊन बसले. कुठला कान गेलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी कपबशी घेऊन दारात आले आणि ऐकलं.

"मला ठावं व्हतं, पावनं," आबा खाली बघून पुटपुटले. "बावटाच व्हता त्यो."

नवरा रस्त्याकडं बघत होता. त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. जे त्यांनी धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणायला हवं होतं, ते ते एका मेलेल्या कानात सांगून मोकळे होऊ बघत होते. मी चहा त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवला.

"आबा, उठा," मी म्हणाले. "हिकडं येऊन बसा, उजवीकडं. आन आत्ता म्हनलासा त्येच परत म्हना."

ते खरंच उठले. खाटेला वळसा घालून उजवीकडं येऊन बसले. मला वाटलं, आता म्हणतील. नवराही खुशीत त्यांच्याकडं वळला, काय मामा, म्हणाला. एवढ्या वर्षांत सासरा त्याच्याशी पहिल्यांदाच बोलणार होता. आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, घसा खाकरला, आणि विचारलं, यंदा नदीला पाणी कसं आहे.

नवरा उत्साहानं सांगायला लागला, पाणी कुठवर आलं, पंप कुठं सरकवावा लागला. आबा मान डोलावत होते. मी स्टुलावरचा चहा उचलला, आत नेला आणि मोरीत ओतून टाकला.