थंडोबाचे हात

प्रयोगशाळेतली गोठवणयंत्रं सांभाळतो म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणत. द्रव नायट्रोजनची पिंपं ढकलून, गोठलेले नळ आवळून हातांचा पार बर्फ व्हायचा. घरी आला की पहिले ते बायकोच्या मानेला लावायचा.

"अगं आई गं! माणूस आहात की मढं?" ती किंचाळायची, आणि तेच हात ओढून आपल्या काखेत दाबून धरायची.

आता ती दवाखान्यात, श्वासयंत्रावर निपचित. मेंदूत रक्त उतरलेलं. पडद्यावरचे आकडे मात्र जागचे हलत नव्हते. थंडोबाचा सगळा जन्म तापमापकांच्या काट्यांपुढे गेलेला. काटा हलला नाही की काम फत्ते, एवढं त्याला ठाऊक. डॉक्टरांनी यंत्र काढायचा विषय काढला की तो लेकीला म्हणायचा, "ऐकू नकोस त्यांचं. स्थिरावलीय ती. बघ की!"

त्या सकाळी प्रयोगशाळेत नव्या प्रयोगाचा काटाही असाच गप्प बसला होता.

"जमलं की, ताई!" तो संशोधक बाईंना म्हणाला.

"कसलं जमलंय, काका? लेझर अणूंत ऊर्जा ओततोय, भोवतालची थंडी ती ओढून घेतेय. आवक तेवढी जावक, म्हणून काटा हलत नाही. ओतणं थांबवू, मग कळेल त्यांचं स्वतःचं काय ते."

त्यांनी लेझर बंद केला. काटा घसरत घसरत भोवतालच्या थंडीला जाऊन टेकला. मग तोही हलेना.

"हा खरा समतोल. आता काही येत नाही, काही जात नाही."

थंडोबानं हातातला पाना स्टुलावर ठेवला.

"काका, काय झालं?"

"काही नाही. हात गारठलेत जरा."

दुपारी त्यानं डॉक्टरांना विचारलं, "श्वासातला तिचा स्वतःचा किती?"

"काहीच नाही, काका. दोनदा तपासलंय. तेच तर सांगत होतो तुम्हाला."

लेकीकडे न बघता त्यानं होकारार्थी मान हलवली.

यंत्र थांबलं. त्यानं बायकोचा हात दोन्ही हातांत घेतला. आज त्याचे हात गरम होते. तिला गार लागू नयेत म्हणून वाटभर चोळत आला होता.

बऱ्याच वेळानं लेक म्हणाली, "बाबा, सोडा ना आता."

"ऊब आहे गं अजून."

ती ऊब कुणाची, हे त्यालाही कळत होतं. सोडला की तिचा हात खोलीएवढाच गार होईल, आणि मग तसाच राहील.

त्यानं पकड आणखी घट्ट केली.