फेरे मोजताना बोलायचं नाही

माझी बायको मेली तेव्हा आमची एकुलती पोरगी परदेशात जमिनीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्सची कार्डं बसवत होती. आई चालली हे तिला कोणी कळवलं नाही. कोणी म्हणजे मी.

मी सातवी शिकलेला माणूस. जळगाव जामोदला चाळीस वर्षं विहिरीवरच्या मोटरी भरल्या. जळालेली मोटर उघडायची, जुनी तार उपसायची, नवी गुंडाळून बसवायची. कोणत्या कॉइलला किती फेरे हे ठरलेलं असतं. कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर पाणी उचलत नाही. गिनती चुकली की सगळी तार उलटी सोडा आणि पहिल्यापासून धरा. म्हणून घरात एकच कायदा होता. मी फेरे मोजत असलो की कोणी बोलायचं नाही. बायको चहा घेऊन दारात उभी राहायची, चहावर साय धरायची, पण हाक मारायची नाही. एकदा तिचा भाऊ गाडीवरून पडल्याचा निरोप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. कॉइल उतरली तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, शाब्बास. असा मी.

पोरगी त्याच दुकानात वाढली. कथिल लावायला, जोड बसवायला तिथंच शिकली. नववीत असताना तिनं एक जुना कॅल्क्युलेटर उघडला, त्याच्या बटणाला दोन वायरी जोडल्या, त्यांच्या टोकाला चुंबकानं ओढली जाणारी पत्ती लावली आणि माझ्या हातमशीनच्या चाकाला चुंबक चिकटवलं. चाक एकदा फिरलं की आकडा एकानं वाढे.

"बाबा, आता तुमी बोलत बोलत तार गुंडाळा. हे मोजते."

दोन गिऱ्हाइकं बसली होती. एक जण म्हणाला, "उस्ताद, पोरीनं तुमची सुट्टी केली हो!"

मी ते सगळं उपटलं आणि भंगारात फेकलं. म्हटलं, "बापाच्या डोक्याहून डबडं शानं झालं काय?" ती रडली नाही. वायरीचे तुकडे उचलून घरात गेली.

तीच पोरगी पुढं इंजिनीअर झाली आणि कण आदळवायच्या प्रयोगशाळेत लागली. तिचं काम तिनं मला फोनवर दाखवलं होतं. खोल बोगद्यात दोन्ही बाजूंनी कण सोडतात. ते आदळले की बारीक तुकडे उडतात, आणि तुकडा यंत्रातून गेला की विजेचा इवलासा ठोका उठतो. तो पकडायचा, मोठा करायचा आणि ठेवायचा की फेकायचा हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. एवढं सगळं तिचं कार्ड करतं. बहुतेक ठोके फेकूनच देतात.

"मंग तुले पगार फेकाचा भेटते काय?" मी म्हटलं.

"काय फेकाचं हे समजते, त्याचा भेटते," ती म्हणाली.

चौकात लोक मला विचारायचे, "जमिनीखाली काय करते हो तुमची पोरगी? पाणी लागलं का?" मीही हसायचो. अभिमान होता, पण तो तिला कधी बोलून दाखवला नाही. बायकोच बोलायची.

ते मशीन चालू असलं की खाली माणूस जात नाही. बंद करतात तेव्हाच कार्डं बदलता येतात. गेल्या हिवाळ्यात तसं बंद होतं. पोरीचा फोन आला, "बाबा, पंधरा दिवस मी खालीच. एकेक वायर तपासून लावा लागते. फोन कमी करजा." मला बरोबर समजलं. म्हणजे मला तसं वाटलं. पोरगी गिनतीत बसली.

चौथ्या दिवशी बायकोला धाप लागली. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, छातीत पाणी भरलं आहे, लेकरं असतील तर बोलावून घ्या.

"जी, तिले फोन लावला काय?" बायकोनं विचारलं.

"गिनतीत हाय थे."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत, "झाली काय तिची गिनती?"

"नाई झाली."

तिसऱ्या दिवशी मान हलली नाही. एकेका शब्दाला दम घेत म्हणाली, "मी मरून राह्यली जी. किती दिवस दारात उभी ठेवसान मले?"

मी म्हटलं, "तिच्या हातून एक वायर चुकली त जगात हासं होईन तिचं."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याच दुपारी पोरीचा आपणहून फोन आला. "आई कुठी हाय?" मी खाटेपाशीच उभा होतो. म्हटलं, "सुलतानपूरले गेली, तिच्या बहिणीकडं." बायकोच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेला होता. डोळे उघडे होते. हात वर आला, फोनकडं. मी दोन पावलं मागं सरलो. तो हात मला अजून दिसतो, आणि दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. जाळून आल्यावर मी पोरीला फोन केला.

ती तिसऱ्या दिवशी आली. बॅग अंगणातच ठेवली.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू कामात होती. मधातून उठली असती त सगळं उसवा लागलं असतं."

ती म्हणाली, "तिथं डोक्यात कोनी नाई मोजत, बाबा. कोनती वायर लागली, कोनती राह्यली, सगळं मशीन लिहून ठेवते. मी उठली असती त दुसरं कोनी माह्या जागेवर बसलं असतं. मांगच्या वर्षी एकाची आई बिमार पडली, त आमीच त्याले विमानात बसवून आलो."

"मले काय मालूम?"

"तुमाले मी नववीतच दाखवलं होतं."

मला राग आला. खरं ऐकलं की मला येतो. म्हटलं, "आईची एवढी माया होती, त बाहेरदेशी कायले मराले गेली तू?"

शेजारची काकू भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "अवो, तोंड हाय का नाली?"

पोरीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं एवढंच विचारलं, "मी फोन केला तवा आई तिथंच होती?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हटलं, "हाव."

"ऐकत होती?"

"हाव. हात केला होता तिनं."

पोरीनं उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही. बॅग उचलली, काकूच्या घरी राहिली आणि आईचं दहावं-तेरावं सगळं तिथूनच केलं. जाताना काकूच्या पाया पडली. माझ्या समोरून गेली.

आता मी फोन केला की ती पहिल्याच घंटीला उचलते. कामावर असो, चार माणसांत असो. मागं यंत्रांची घरघर ऐकू येते.

"बोला. कोन मेलं?"

"कोनी नाई. सहज केला."

"मंग ठेवते," म्हणते, आणि ठेवते.