फंडाचा फॉर्म, थ्रू प्रॉपर चॅनेल

आधी कबूल करा की हसणार नाही, तरच सांगतो. नाही, तू हसणारच, तुझ्या तोंडावर दिसतंय! बरं, हसा. पण चहा संपेपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही. कारण शहाणपणाच्या भरात माणसाने किती मोठा गाढवपणा करावा, याचा दिल्लीतला विक्रम माझ्या नावावर आहे. आणि तो मी सहीनिशी केलाय!

काळ नव्वदीतला. उदारीकरणाचं वारं सुटलं होतं. गुडगावात शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उगवत होत्या, नोएडात रोज एक नवी हौसिंग सोसायटी, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता आपण श्रीमंत होणार. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. राहायला आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. निवृत्त झालो की खाली करायचं.

आणि नेमकी तीच वंदनाची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, काळजी होती. सात-आठ वर्षं तिने गाण्याच्या शिकवण्या घेतल्या. कॉलनीतल्या बेसूर पोरांना सा लावायला शिकवणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक! त्यातून एकेक रुपया बाजूला टाकून तिने नोएडाच्या एका सोसायटीत नाव घातलं होतं. "पूर्वेची बाल्कनी असलेलं घर," एवढंच तिचं म्हणणं. सोसायटीने पहिला हप्ता मागितला की भरायचा, म्हणून ती रक्कम बँकेत निजली होती.

तेवढ्यात शेजारचे चड्ढाजी आले. चड्ढाजी दुसऱ्या मंत्रालयात, पण जीव सगळा धंद्यात. आले तेच दोन फॉर्म फडकवत.

"पाटणकर साब! नया फंड आया है. सिर्फ बडी-बडी कंपनियां, और वो भी जो अभी और बडी होंगी! दस रुपये का यूनिट. आज लगाओ, कल भूल जाओ, परसों कोठी बनाओ!"

काय सांगू, माझ्या अंगावर रोमांच आले हो! म्हणजे सिमेंटवाले, स्कूटरवाले, कॉम्प्युटरवाले, सगळ्या धष्टपुष्ट कंपन्या एका पिशवीत, आणि त्या पिशवीचा एक कोपरा माझ्या हातात. रात्रीच्या जेवणाला मी वंदनासमोर अर्धा तास भाषण केलं.

"अगं, मोठी कंपनी म्हणजे बुडत नाही. वाढती कंपनी म्हणजे थांबत नाही. मोठी आणि वाढती म्हणजे काय? तूच सांग!"

"म्हणजे तुमचं पोट," ती म्हणाली. पण मग गंभीर झाली. "अहो, हे घराचे पैसे आहेत हं. माझे आहेत. सोसायटीचं पत्र आलं की मला परत हवेत."

"परत? वाढवून देतो! माझ्यावर विश्वास नाही?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन फंडाच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट काढून आणला. हातात देताना म्हणाली, "नीट द्या." हे दोन शब्द लक्षात ठेवा.

नीट द्यायचं! हेच तर माझं आयुष्यभराचं काम. चड्ढाजींनी आपला फॉर्म नेहरू प्लेसला एका टेबलावर दहा मिनिटांत भरून दिला. मला म्हणाले, "आप भी दे आओ, दफ्तर को बाद में एक कागज़ दे देना."

बाद में? बावीस वर्षं सरकारात काढली, एक कागद कधी आडवाटेने गेला नाही! नोकरीचा अर्ज असो की मुलाच्या शाळेचा दाखला, माझ्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, 'थ्रू प्रॉपर चॅनेल'. म्हणजे आधी आपले साहेब, मग त्यांच्या वरच्या मॅडम, मग व्हिजिलन्स सेक्शन, जिथे कर्मचाऱ्याने काय घेतलं, काय विकलं याचे कागद तपासतात, आणि मग तिथून बाहेर. मी फंडाच्या फॉर्मवर सुंदर अक्षरात तेच लिहिलं. ड्राफ्ट टाचला. वर अर्ज जोडला, 'परवानगी देऊन सोबतचा फॉर्म फंडाकडे रवाना करावा ही विनंती.' आणि फाइल वर पाठवली.

माझा सहायक नेगीजी, गढवालचा शांत माणूस, चष्म्यावरून बघत म्हणाला, "सर, ड्राफ्ट भी फाइल में?"

"नेगीजी, नियम म्हणजे नियम!"

तो गप्प बसला. शहाणी माणसं अशीच गप्प बसतात, म्हणून आपली फसगत होते.

आणि मग सुरू झाली आमची मालकी!

रोज सकाळी दूध आत घ्यायच्या आधी मी पेपर घ्यायचो. शेवटून दुसरं पान, बारीक अक्षरं, त्यात आपला फंड. दहाचे साडेदहा झाले, मी ओरडलो, "वंदना! साडेदहा!" खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं साडेदहा वाजले, त्या बिचाऱ्या घाईघाईने देवळात निघाल्या. अकरा झाले तेव्हा मी जिलब्या आणल्या. बारा झाले तेव्हा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा खाता खाता आठ मराठी माणसांना गुंतवणूक समजावून सांगितली. त्यातल्या तिघांनी पैसे घातले. आजही ते मला नमस्कार करतात.

घरात तर कायदाच केला. साबण आपल्या कंपनीचा, टूथपेस्ट आपल्या कंपनीची. वंदनाने दुसरी चहापत्ती आणली तर मी म्हणालो, "अगं, स्वतःच्या पोटावर पाय देतेस?"

"पोटाला काही होत नाही तुमच्या," ती म्हणाली, पण हसत. तीही हळूहळू रंगली होती, खोटं कशाला सांगू! बाल्कनीत कुंड्या किती ठेवायच्या याचं चित्र काढून ठेवलं होतं तिने.

एकदा स्कूटरवरून फरिदाबादला लग्नाला निघालो होतो. वाटेत आपल्या फंडातल्या एका कंपनीचा कारखाना. आणि काय बघतो? भर दुपारी फाटकावरचे चारही दिवे चालू! मी करकचून ब्रेक मारला.

"ए भाई! दिन में बत्ती क्यों जल रही है? बिजली किसकी जा रही है?"

पहारेकऱ्याने मला नखशिखांत न्याहाळलं. "आप कौन?"

"मालिक!"

बिचाऱ्याने खाडकन सलाम ठोकला. मग त्याला पायातल्या चपला दिसल्या, मग स्कूटर, मग मागे जरीची साडी सावरत बसलेली वंदना. "कौनसे मालिक?"

मी त्याला युनिट म्हणजे काय ते समजावायला लागलो. त्याने आतून साहेबाला बोलावलं. साहेबालाही मी समजावलं. मग आम्हाला केबिनमध्ये बसवून पाणी दिलं आणि एकजण कुठेतरी फोन लावू लागला. वंदना कानाशी कुजबुजली, "अहो, चला! मुहूर्त टळला, आता जेवणही जाईल." पण निघताना मागे वळून बघितलं मी. दिवे बंद केले होते! त्या आनंदात मी लग्नात तीन वेळा आइस्क्रीम खाल्लं.

ऑफिसातही दिवस माझेच होते. त्याच सुमारास व्हिजिलन्स सेक्शनचे ऑफिसर लांब रजेवर गेले आणि त्यांचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. दोन टेबलं! दोन शिक्के! फाइलींचा ढीग असा की पलीकडे बसलेला माणूस दिसू नये. पण मला वाचायला वेळ कुठे? मी पेपरातली बारीक अक्षरं बघत असायचो. नेगीजी फाइल उघडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचा, मी शेरा मारायचो, सही ठोकायचो, पुढची!

एकच गोष्ट खटकत होती. चड्ढाजींना फंडाचं सर्टिफिकेट येऊन महिने लोटले. त्यांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, गुरूंच्या फोटोच्या खाली. माझं काही येईना.

"मोठ्या माणसांच्या कागदाला वेळ लागतो," मी वंदनाला सांगितलं.

मग गुढीपाडव्याच्या आधी सोसायटीचं पत्र आलं. पहिला हप्ता, महिनाअखेर, न भरल्यास नाव रद्द. वंदनाने पत्र माझ्यासमोर ठेवलं. हसली नाही. "काढा आता पैसे. तुम्ही शब्द दिला होता."

"आत्ता काढतो!" म्हणून मी तडक कॅनॉट प्लेसला फंडाच्या ऑफिसात. काउंटरवर एक मुलगी. मी टेबलावर हात आपटला. "पाच महिने झाले! सर्टिफिकेट नाही! अशी वागणूक देता मालकांना?"

तिने शांतपणे रजिस्टर पाहिलं, कॉम्प्युटर पाहिला, पुन्हा रजिस्टर पाहिलं. "सर, आपका तो फॉर्म ही नहीं आया."

"क्या मतलब नहीं आया?"

"मतलब, आप हमारे यहां हैं ही नहीं."

अहो, पायाखालची जमीन सरकली! पाच महिने ज्यांचा साबण लावला, ज्यांचे दिवे विझवले, त्यांच्याकडे मी नव्हतोच! डोळ्यांपुढे वंदनाचं कुंड्यांचं चित्र आलं. पानिपतावर झालं नसेल इतकं पानिपत एका काउंटरवर झालं माझं.

पण मराठी रक्त! ऑफिसात परतलो आणि पेटलो. कोण आहे तो नालायक, ज्याने माझी फाइल दाबली? बसल्या बसल्या दोन पानी तक्रार लिहिली. 'एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या कष्टाचा पैसा ज्या बेजबाबदार अधिकाऱ्याने अडवून ठेवला, त्याचा शोध घेऊन त्याच्याकडून लेखी खुलासा मागवावा.' ही एकच तक्रार मी थ्रू प्रॉपर चॅनेल पाठवली नाही! स्वतः घेऊन थेट मॅडमच्या खोलीत शिरलो. मॅडम लखनौच्या, फार सभ्य बाई. त्यांनी सगळं वाचलं आणि नेगीजीला बोलावलं.

"नेगीजी, रजिस्टर लाइए. देखें, फाइल किसके पास है."

कुठली फाइल कुठे गेली याचं ते रजिस्टर. नेगीजीने ते आणलं, उघडलं, आणि पुन्हा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तीच नजर.

"मॅडम, फाइल व्हिजिलन्स में है. दिसंबर से."

"पकडा!" मी ओरडलो. "व्हिजिलन्समध्ये आहे कोण, त्याला आधी..."

बाहेर टाइपरायटर टकटकत होता. आणि मला आठवलं, व्हिजिलन्समध्ये कोण आहे ते.

नेगीजी जाऊन माझ्या दुसऱ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यातून फाइल घेऊन आला. फॉर्म, ड्राफ्ट, माझा सुंदर अक्षरातला अर्ज, सगळं जागच्या जागी. आणि शेवटच्या पानावर, माझ्याच हिरव्या शाईत, खाली दोन रेघा ओढून, माझ्या झोकदार सहीसकट शेरा: 'इतनी जल्दी क्या है? तीन माह बाद प्रस्तुत करें.'

खाली तीन महिन्यांनंतरची तारीख. नेगीजीने इमानदारीत पुन्हा फाइल सादर केलेली. आणि त्याखाली पुन्हा मीच: 'यथापूर्व.'

"नेगीजी!" माझा आवाज चिरकला. "माझी फाइल आहे हे सांगायचं नाही?"

"सर, मैंने बोला था. आपने कहा, ठहरो, साढे बारह हो गए."

मॅडमनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मग सावरून म्हणाल्या, "पाटणकरजी, शिकायत आपकी है, तो खुलासा तो मांगना पडेगा." आणि मागितला की! मेमो माझ्याच सेक्शनमधून निघाला, माझ्याच टेबलावर आला.

घरी गेलो. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वाटलं होतं, बोलेल, रडेल, निदान भांडं तरी आपटेल. वंदनाने फक्त विचारलं, "ड्राफ्ट आहे ना?"

मी तो तिच्या हातात दिला. लाज वाटली हो, खरंच. तोंड वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तिने शिकवण्यांना सुट्टी दिली. सकाळी बँकेत जाऊन ड्राफ्ट रद्द केला, दुपारी नोएडाला जाऊन हप्ता भरला, आणि येता येता नेहरू प्लेसला उतरून उरलेल्या पैशांचा त्याच फंडाचा फॉर्म स्वतःच्या नावाने भरला. दहा मिनिटांत. चढ्या भावाने घेतला, पण घेतला. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट आलं. पुढचे कितीतरी हप्ते त्या फंडानेच भरले.

आज तुम्ही ज्या बाल्कनीत बसून चहा पिताय ना, ती हीच. पूर्वेची. कुंड्या मोजा, चित्रात होत्या तेवढ्याच आहेत.

आणि येताना दारावरची पाटी बघितलीत? 'सौ. वंदना पाटणकर.' बस्स. खाली माझ्या नावापुरती जागा आहे, ती मोकळीच आहे. राहायला आलो त्याच आठवड्यात मी म्हटलं, "अगं, माझंही नाव घालूया की!" तर म्हणाली, लेखी द्या. दिलं! सुंदर अक्षरात अर्ज करून दिला.

तो अजून फ्रिजवर चुंबकाखाली लटकतोय. कोपऱ्यात हिरव्या शाईत शेरा आहे, खाली दोन रेघा ओढून. 'इतनी जल्दी क्या है?'