पडद्यामागची जागा

महिनाभर पारखून, बेताच्या किमतीत अगदी स्वच्छ चित्र दाखवणारा प्रोजेक्टर घेतला. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कमानीत पांढरी चादर ताणून बांधली. आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. आई मात्र चादरीपलीकडे, ओट्यापाशी खुर्ची ओढून.

"आई, तिकडून उलटं दिसतं गं."

"दिसू दे. जत्रेच्या तंबूत आम्ही बायका पडद्यामागेच बसायचो. मला तर कितीतरी वर्षं वाटायचं, सिनेमातले नायक डावरेच असतात."

मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले. नायक डाव्या हाताने भाकरी मोडत होता. दुकानांच्या पाट्या उलट्या होत्या, पण आईचं हसू नेमक्या जागी येत होतं. बघायला कुठली बाजू मिळाली, याने तिचं कधी काही अडलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये एकटा प्रोजेक्टर होता. आम्ही सगळे स्वयंपाकघरात.