परकीचं पान

महानंदाअक्काच्या गिरणीत आता दळण येत नाही. मोटार मात्र चालू आहे. दर सोमवारी अक्का पट्ट्यावरची धूळ पुसते, दगड सैल करून खटका दाबते, दोन मिनिटं गिरणी रिकामी फिरू देते आणि बंद करते. आमच्या मागच्या भिंतीतून तो आवाज येतो. भिंत एकच आहे, अलीकडे आम्ही आणि पलीकडे ती.

आमचं गाव घाटनांदूरहून सहा किलोमीटर. गावात गिरणी ही एकच. गेली तीन वर्षं लोक मोटारसायकलला डबे बांधून दळायला घाटनांदूरला जातात.

मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. निवृत्तीला चौदा महिने राहिले. गावातून रोज बसनं ये-जा करतो. अक्का ही माझा वर्गमित्र धोंडप्पा याची थोरली बहीण, त्यामुळे लहानपणापासून मीही तिला अक्काच म्हणत आलो. धोंडप्पाचं किराणा दुकान आहे, नाल्याकडच्या वाटेवर शेत आहे. घर लिंगायत, सोवळ्याचं. त्यांची आई भिवराबाई, मुलं तिला अव्वा म्हणत. तिनं गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय कधी पाण्याचा घोट घेतला नाही.

अक्काचा नवरा शिवशंकर किडनीच्या दुखण्यानं दोन महिने अंबाजोगाईच्या दवाखान्यात पडून होता. शेजारच्या खाटेवर उमापूरकडची एक म्हातारी होती. तिची सून विजयमाला रोज संध्याकाळी सासूचा हात धरून, डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना करायची. ही माणसं ख्रिस्ती. एक दिवस अक्काच तिला म्हणाली, "माझ्या माणसाचाबी हात धर की."

शिवशंकर वाचला नाही. तो वाचला असता तर कदाचित गावानं समजून घेतलं असतं. बाई नवसाला पावलेल्या देवाकडे गेली, असं म्हणून लोक गप्प बसले असते. पण नवरा गेला, आणि त्यानंतर पाच महिन्यांनी अक्का स्वतः शोध काढत विजयमालाच्या प्रार्थनेला गेली. हे कुणालाच कळेना. मी एकदा विचारलं, "अक्का, तिथं तुला काय मिळालं?"

"मिळाय ते काय दुकान हाय का? मी तिथं रडले, तर कुणी गप बस म्हणलं न्हाई."

वर्षभरानं तिनं गळ्यातलं लिंग उतरवलं. रुमालात बांधून अव्वाच्या हातात दिलं. "फेकत न्हाई गं. तुझ्यापाशी ठिवते," एवढंच बोलली. अव्वानं तो रुमाल देवघरात ठेवला.

पुढे रविवारी अक्काच्या घरी पाच-सात माणसं प्रार्थनेला बसू लागली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाहेरगावची पोरं आली. त्यांनी सतरंज्या रस्त्यावर फेकल्या, पुस्तकं फाडली. पोलीस आले ते अक्कालाच घेऊन गेले. तिला दिवे लागेपर्यंत बसवून ठेवलं. तुला कुणी फूस लावली, पैसे किती मिळाले, हेच फिरून फिरून विचारत होते. ती म्हणाली, "बसचं भाडं माझंच गेलं, साहेब." तेवढ्यावर एक हवालदार हसला आणि तिला घरी जाऊ दिलं.

तिसऱ्या दिवशी चावडीत बैठक झाली. गावचे पुढारी भगवानराव म्हणाले, "धोंडप्पा, बहिणीला परत आण, न्हाईतर संबंध तोडल्याचं लिहून दे. पोराचं लगीन करायचंय ना तुला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव्हा ओ हेडक्लार्क. तुमचं अक्षर चांगलं हाय."

माणसानं कोणता देव मानावा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, घटनेनं तसा हक्क दिला आहे, हे मला माहीत होतं. तरी मी खिशातलं पेन काढलं. तीन कलमं लिहिली. तिच्या गिरणीत कुणी दळण टाकू नये. तिच्या घरी कुणी जाऊ-येऊ नये. तिसरं कलम धोंडप्पानं सांगितलं, "संबंध न्हाई, एवढंच लिव्ह." मला ते मोघम वाटलं. कागद कसा स्पष्ट असावा, अशी आयुष्यभराची सवय. मी लिहिलं, 'ती आमच्या घरची नसून परकी समजावी.' धोंडप्पानं सही केली. सही करताना त्यानं कागदाकडे पाहिलं नाही.

अक्काचा मुलगा अमरनाथ पुण्याला नोकरीला आहे. तो दर महिन्याला फोन करतो, "आई, गिरणी विकून इकडं ये." ती म्हणते, येळवस होऊ दे, मग बघू.

आमच्या भागात वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामं होतं. ज्यानं त्यानं आपल्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभारायची, पूजा करायची, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि अंबील असं जेवण शेतातच करायचं. वाटेवरच्या माणसाला हाक मारून जेवायला बसवायचं. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय. धोंडप्पाच्या घरी ते अक्काच्याच हातचं असे. अंबिलाची बिंदगी, मातीची घागर, डोक्यावर घेऊन ती सगळ्यांच्या पुढं चालायची. आणि अव्वाची एक रीत होती. न बोलावता आलेला एक तरी परका माणूस वाटेवरून आणून जेवायला बसवल्याशिवाय घरचं कुणी जेवायला बसायचं नाही.

बैठकीनंतरच्या पहिल्या येळवशीला अक्का दुपारी धोंडप्पाच्या शेताकडच्या वाटेनं गेली. कामाला नव्हे. भावानं हाक मारावी म्हणून. धोंडप्पानं तिला येताना पाहिलं आणि कोपीत जाऊन बसला. तिच्याकडे बघून गप्प राहणं त्याला जमणार नव्हतं. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. मला तिथं दरवर्षी आवतण असतं. दोन्ही वेळा मीही पत्रावळीकडे बघत राहिलो.

तिसरी येळवस गेल्या वर्षीची. अव्वाला तोवर दिसेनासं झालं होतं. ऊन डोक्यावर आलं तरी वाटेनं कुणी फिरकेना, जो तो आपापल्या शेतात. धोंडप्पाची बायको बबिता म्हणाली, "आता बसा समदे. अंबील तापतंय."

"परकं मानूस आल्याबिगर न्हाई," अव्वा म्हणाली. मग तिनं कान दिला. "वाटंवर कोण हाय?"

"कुणी न्हाई, अव्वा."

"कुणी न्हाई कसं? चप्पल वढत चाललंय की कोनतरी."

धोंडप्पानं खाली बघत सांगितलं, "अक्का हाय."

"मग बोलीव."

"कसं बोलवू? गावाला लिहून दिलंय."

"काय लिहून दिलंयस?"

धोंडप्पानं माझ्याकडं पाहिलं. कागद मी लिहिलेला, म्हणून मीच सांगितलं. घरची नसून परकी समजावी.

अव्वानं विचारलं, "म्हंजे घरची न्हाई?"

"न्हाई."

"परकी?"

"व्हय."

"मग बरं झालं. घरची असती तर चाललं नसतं. आपल्याला परकंच मानूस पायजे. बोलीव."

शेजारच्या बांधावरून भगवानरावांनी हटकलं, "काय चाललंय बे, धोंडप्पा?"

"तुझ्याच कागदापरमाणं चाललंय, भगवान," अव्वानं तिथूनच उत्तर दिलं. "तू जेव."

धोंडप्पाच्या तोंडून हाक निघेना. नवी सून स्वप्नाली उठली. तिनं अक्काला कधी जवळून पाहिलं नव्हतं. ती बांधावर जाऊन म्हणाली, "मावशी, जेवायला या."

अक्का आली, परक्या माणसासारखी कडेला बसली. अव्वानं चाचपडत तिचा हात धरला. मग तिची बोटं अक्काच्या गळ्याशी गेली. गळा मोकळा होता. बोटं तिथं थांबली. मग अव्वानं हात मागं घेतला आणि बबिताला म्हणाली, "भज्जी वाढ. लाजू नगं म्हणावं तिला." जेवणाआधी अक्कानं डोळे मिटले, तिचे ओठ हलले. सगळ्यांनी पाहिलं. तोवर कुणी घास घेतला नाही.

परत येताना ती मला म्हणाली, "अंबिलात जिरं कमी पडलंय. पन वाटंवरच्या मानसानं कसं सांगावं?"

अव्वा या जेठात गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून, हातात लिंग देऊन मूठमाती दिली. अक्का स्मशानाच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली उभी होती. मातीला तिला कुणी बोलावलं नाही. तिथं परक्याला बोलवायची रीत नव्हती.

यंदाच्या येळवशीच्या आदल्या दिवशी तिनं भिंतीपलीकडून मला विचारलं, "अव्वाची रीत धोंडू पाळंल का रे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाटेनं आली. तिच्या पुढं दोन माणसं चालत गेली होती, ओळखीची नसलेली. धोंडप्पानं त्यांना हाक मारली नाही. तो बांधावर उभाच होता. बबिता म्हणाली, "अवो, ते दोघं गेले की." अक्का समोर आल्यावर त्यानं शेजारच्या चार शेतांत ऐकू जाईल अशी हाक दिली, "ओ बाई, जेवाय या."

ती आली, जेवली, पत्रावळ स्वतः उचलून बांधाबाहेर टाकली आणि निघाली. जाताना स्वप्नालीनं तिला हळूच सांगितलं, की देवघरातला तो रुमाल मामंजी रोज सोडतात, आपल्या लिंगाबरोबर त्यातल्या लिंगालाही पाणी घालतात.

संध्याकाळी मी गिरणीच्या दाराशी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा गेलो, हेही लिहायला हवं. अक्का पायरीवर बसली होती.

"लई मोठ्यानं हाक मारली गं त्यानं," मी म्हणालो.

"व्हय. भगवानरावालाबी ऐकू गेली." मग ती म्हणाली, "पन बाई म्हणला. अक्का न्हाई म्हणला."

आत फोन वाजत होता. अमरनाथचा असणार. ती उठली, दाराशी थांबली.

"त्याला सांगते, पुढली येळवस होऊ दे."

मी घरी आलो, बायकोला ज्वारीचा डबा काढायला सांगितला आणि तो अक्काकडे दळायला देऊन आलो. सोमवारची वाट बघितली नाही. त्या संध्याकाळी भिंतीतून गिरणीचा आवाज पाऊण तास येत राहिला.