हा आजार आहे, बाई

लग्न होऊन मी गोंडपिपरीकडच्या गावात आले तेव्हा माझा देर, नवऱ्याचा धाकटा भाऊ, विशीतला होता. आम्ही ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारे, आणि जाळं फेकण्यात त्याच्या तोडीचा गावात कोणी नव्हता. वर्षभरातच त्यानं तलावावर जाणं सोडलं. मग माझ्या हातचं जेवणही सोडलं.

"वहिनी, भिंतीपल्याड मानसं बोलून राह्यली. तुमी भातात जहर टाकता म्हणते."

गाव म्हणालं, पाण्यातली बाधा आहे. पुजारी आला, कोंबडं कापलं, काही फरक पडला नाही. एकदा तो घाबरून जंगलात पळाला आणि तीन दिवसांनी सापडला. तेव्हा सासऱ्यांनी रडत रडतच त्याला गोठ्यात साखळीनं बांधलं.

मी हिवतापाचं औषध घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते. धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"हा आजार आहे, बाई," ते म्हणाले. "तो सोंग करत नाही. ते आवाज त्याला खरोखर ऐकू येतात. नागपूरच्या मनोरुग्णालयात न्या, नवीन औषध आलं आहे."

स्किझोफ्रेनिया हे नाव मला फार पुढे कळलं. त्या दिवशी 'सोंग करत नाही' एवढंच घेऊन घरी आले आणि सासऱ्यांसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामाजी, हिवतापाच्या मानसाले कोनी साखळीनं बांधते का?"

ते गोठ्यात गेले. त्यांनीच साखळी सोडली. बल्लारपूरपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. माझ्या नवऱ्यानं वाटभर भावाचा हात सोडला नाही.

सात महिन्यांनी देर परतला. अंगानं भरलेला, सावकाश बोलणारा. औषधानं बोटं जरा थरथरत. पण मोठं जाळं ओढायच्या दिवशी गावच्या मुखियानं त्याला अडवलं, "तू काठावर बस. पाण्यात तुले कायी झालं त आमी का करू?"

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, सारं गाव जमलेलं. तो बसला नाही.

"भाऊ, तुमचा आवाज मले आता जसा येते ना, तसाच तो भिंतीपल्याडचा येत होता. मंग खोटा कसा समजू? आता औषध घेतो. कधीमधी येते, पन मी त्याले ओळखतो. मले बाधा नाई. आजार आहे."

कोणी हसलं नाही. मुखियानं जाळ्याचं एक टोक देराच्या हातात दिलं. त्या दिवशी ओढलेल्या जाळ्यात एवढी मासोळी आली की टोपल्या कमी पडल्या, आणि मी सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले.

पंधरा दिवसांत शेजारगावची एक बाई आमच्या दारात आली. तिच्या पोरीलाही आवाज ऐकू येत, म्हणून तिनं तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत देरानं पायात चपला घातल्या.

"चाल बाई. तिच्यासंग मीच बोलतो," तो म्हणाला, आणि आमच्या पुढे चालू लागला.