मोबाईलमधली सासू

सासूचं काम मला मिळालं ते माझ्या आवाजामुळे. मी शाळेत शिकवत होते आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. निवृत्त झाले तेव्हा आमच्या बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यातला एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा मुलगा घरी आला. सासू-सुनेचे छोटे विनोदी व्हिडिओ करून मोबाईलवर टाकायला त्याने नुकतीच सुरुवात केली होती. सासूचं काम करणारी त्याची आत्या लेकीकडे सुरतेला निघून गेली होती.

"काकू, तुम्हाला काहीच करायचं नाही. शाळेत रागवत होत्या ना, बस तसंच."

मुलगा इंदूरला नोकरीला, यजमान दिवसभर पेपरात डोकं घालून बसलेले. मी हो म्हणून बसले.

आमच्या भागात यंत्रमागांचा खडखडाट चालतो, म्हणून शूटिंग तुकईथडला, केळीच्या मळ्यातल्या एका घरात व्हायचं. गाडीतून उतरेपर्यंतच माझे पाय आखडायचे. मग पदराच्या आत माईक लावायचा, तो खरखरला की पुन्हा लावायचा. बांगड्या वाजल्या, पुन्हा. शेजारून ट्रॅक्टर गेला, पुन्हा. एकच भांडण आधी लांबून घ्यायचं, मग जवळून माझा चेहरा, मग सुनेचा. माझा चेहरा दिसायचा नसला तरी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून मला तितक्याच रागाने बोलावं लागे, नाहीतर सुनेच्या डोळ्यांत पाणी येत नसे.

व्हिडिओत सून झालेली मुलगी बुऱ्हाणपुरात एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती. कट म्हटलं की ती पहिल्यांदा मला खुर्ची आणून द्यायची. "मावशी, बसा आधी. आज तुम्ही लई खतरनाक बोलल्या," म्हणायची आणि स्वतःच माझ्या गुडघ्यांना मलम चोळायची.

व्हिडिओ चालले. पण ते चालले याचा अर्थ मला भाजीबाजारात कळला. मेथीवाला म्हणाला, "अम्मा, बहू को भी खिलाना थोडी." बाजूच्या बाया हसल्या. मीही हसले. मग बँकेत, दवाखान्यात, देवळात, सगळीकडे तेच. इतकी वर्षं ज्यांना मी पाढे शिकवले, त्यांच्या बायका मला बघून एकमेकींना कोपर मारायच्या. सुरुवातीला गंमत वाटायची. पुढे पुढे मी दुपारच्या उन्हात बाजाराला जायला लागले, कारण तेव्हा गर्दी नसते.

त्याच सुमारास मुलासाठी खकनारचं एक स्थळ आलं. केळी-कापसाची शेती, मुलगी एम.ए. झालेली. मुलगी आणि तिचे आईवडील घरी आले. मी दराबा, आमच्याकडची खास मिठाई, मागवला होता. बशी घेऊन बाहेर आले आणि मुलीची आई माझ्याकडे बघतच राहिली. तिने मुलीच्या वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं.

"ताई, घ्या ना," मी म्हटलं. स्वतःच्याच घरात मी इतकी हळू बोलत होते की यजमानांनी विचारलं, "घसा बसला का तुझा?"

मुलगी मात्र खाली बघून हसू दाबत होती. जाताना तिची आई म्हणाली, "कळवतो." आठवडा गेला. शेवटी मध्यस्थाने फोन करून सांगितलं की मुलगा आवडला, घर आवडलं, पण त्यांच्या घरातल्या बाया जरा घाबरून राहिल्या आहेत.

मुलाने इंदूरहून फोन केला. "आई, तू हे बंद कर यार. माझ्या ऑफिसमध्येपण सगळे बघतात."

मी व्हिडिओवाल्या मुलाला, म्हणजे आमच्या डायरेक्टरला, सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मग त्याने तोडगा काढला की सासू सुधारते असं दाखवायचं. आम्ही तेही केलं. मी सुनेला जवळ घेतलं, चहा करून दिला, प्रेमाने बोलले. त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, 'मजा नहीं आया', 'जुनी सासू परत आणा'. खरं सांगायचं तर माझा राग लोकांना खरा वाटला होता आणि माझं प्रेम खोटं. ते वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि तशीच आडवी झाले.

पुढच्या शूटिंगला मी गेले ती फक्त शब्द दिला होता म्हणून. तिथे त्या खकनारच्या मुलीची आई उभी. तुकईथडला तिचं माहेर होतं आणि शूटिंग आहे हे तिला भावजयीकडून कळलं होतं. ती ओट्यावर जाऊन बसली. मी दिवसभर तिच्यासमोर सुनेला टाकून बोलले. दुसरं करणार काय? एकदा बोलता बोलता शब्दच आठवेना. एकदा भोवळ आल्यासारखं झालं आणि मी खांब धरला. पार्लरवाली मुलगी धावत आली, माझ्या तोंडाला पाणी लावलं आणि डायरेक्टरवर खेकसली, "दिसत नाही का तुला? मावशी थकल्या."

चहाच्या वेळी मुलीची आई माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, तुम्हाला तर उभं राहवत नाही," ती म्हणाली.

"राहवत नाही खरं."

"मग कशाला करता हे?"

मी विचार केला. "घरी कुणी बोलायला नाही," मी म्हटलं. "इथे निदान भांडायला माणसं आहेत."

ती हसली नाही. बशीत ओतलेला चहा तिने माझ्याकडे सरकवला. "मला वाटलं होतं, इतका राग आतमध्ये असल्याशिवाय येत नाही," ती म्हणाली. "पण आज तुम्ही सारखं तेच तेच बोलल्या, अन् ती पोरगी तुम्हालाच धरून उभी."

महिनाभरात लग्न ठरलं.

लग्न होऊन खरी सून घरी आली. मुलाने वर्षभर घरूनच काम करायची परवानगी मिळवली होती, त्यामुळे दोघं इथेच राहिले. माझं शूटिंग चालूच होतं, जरा कमी केलं एवढंच. पण घरात मला साधं बोलता येईना. 'गॅस बारीक कर' म्हणायचं असलं तरी वाटायचं, हे वाक्य आपण व्हिडिओत म्हटलंय. मी गप्प बसायची. भाजी करपली तरी गप्प. सूनही जपून वागायची, माझा चेहरा बघत राहायची. दोघी दिवसभर एकमेकींशी गोड बोलून दमून जायचो.

एका सकाळी तिने ओला टॉवेल माझ्या गादीवर टाकला. मी शूटिंगहून आदल्या दिवशी आलेली, अंग ठणकत होतं. मी ओरडले. चांगली मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी.

ती वळली. "तुम्हीपण तर रोज चष्मा गॅसच्या ओट्यावर ठेवता! मी काही म्हणते का? मला पण राग येतो, आई."

यजमानांनी पेपर खाली केला. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला आणि दारातच थांबला. मी गादीवर बसले. टॉवेल उचलला, तिच्या हातात दिला.

"अजून काय काय राग येतो?" मी विचारलं.

तिने सांगितलं. बरंच होतं. मी ऐकत होते, मध्येच माझंही सांगत होते, आणि आवाज कुणीच खाली आणला नाही.